ताडीत डायझेपाम किंवा क्लोरल हायड्रेट ही गुंगीची औषधे मिसळली आहेत का, हे यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (द्रावण किती अतिनील प्रकाश शोषते ते मोजणारे यंत्र) कळते का?

डायझेपामचा माग लागतो, क्लोरल हायड्रेटचा लागत नाही. त्यामुळे नुसत्या यूव्हीवरून 'ताडी शुद्ध' असा शेरा कृपा करून देऊ नका. भेसळीची ताडी पिऊन माणसे बेशुद्ध पडतात.

नमुन्याचे आधीच दोन भाग करा. अल्कलीत क्लोरल हायड्रेट फुटून त्याचे क्लोरोफॉर्म होते, म्हणून क्लोरल हायड्रेट तपासायच्या दुसऱ्या भागाला अमोनिया लागू देऊ नका.

पहिला भाग 50 मिली घ्या, गाळा, अमोनियाने पीएच 9 वर आणा आणि सेपरेटिंग फनेलमध्ये (थर वेगळे करायचे तोटीचे नरसाळे) त्यातले डायझेपाम 25 मिली क्लोरोफॉर्मने दोनदा काढून घ्या. फनेल जोरात हलवलेत तर यीस्ट आणि प्रथिनांमुळे दोन थरांच्या मधे साय धरते आणि सुटता सुटत नाही. हळूच उलटेपालटे करा. तरी साय धरलीच तर थोडे मीठ घालून सेंट्रिफ्यूज करा. क्लोरोफॉर्म निर्जल सोडियम सल्फेटवरून गाळून उडवा, उरलेले 0.1 नॉर्मल सल्फ्युरिक आम्लात घ्या आणि 220 ते 400 नॅनोमीटर स्कॅन करा. क्युव्हेट (द्रावण ठेवायची छोटी नळी) क्वार्ट्झचीच हवी, साधी काच या पट्ट्यातला प्रकाश अडवते.

डायझेपामची शिखरे 242, 284 आणि 366 नॅनोमीटरला येतात. मिलीलिटरला 5 मायक्रोग्रॅम असेल तर 242 वर शोषण 0.5 च्या आसपास मिळते. 366 चे शिखर मात्र इतके बुटके, की पातळ द्रावणात दिसतच नाही. तरी माझा भर त्याच्यावरच असतो, कारण 260 ते 280 मध्ये ताडीचे स्वतःचे घटकही फुगवटा आणतात. द्रावण घट्ट करून पुन्हा स्कॅन घ्या. तेच अल्कली केल्यावर 366 नाहीसे झाले पाहिजे. भेसळ नसलेली ताडी याच सगळ्या पायऱ्यांतून नेऊन ब्लँक (तुलनेचा नमुना) म्हणून वापरा.

दुसऱ्या भागावर फुजिवारा चाचणी, म्हणजे क्लोरल हायड्रेटची रंगचाचणी: 1 मिली नमुना, 1 मिली पिरिडीन, 1 मिली 20 टक्के सोडियम हायड्रॉक्साइड, उकळत्या पाण्यात 2 मिनिटे. वरचा पिरिडीनचा थर गुलाबी-लाल झाला तर क्लोरल हायड्रेटचा संशय पक्का धरा. पण क्लोरोफॉर्मही हाच रंग देते! शेजारी पहिल्या भागाचे काम चालू असेल तर त्याच्या वाफेनेही रंग येऊ शकतो. म्हणून ही चाचणी आधी उरका, फ्यूम हूडमध्ये, पाण्याच्या ब्लँकसह.

नॉरडायझेपाम आणि टेमाझेपाम या डायझेपामच्या भाईबंदांचे आलेखही डायझेपामसारखेच दिसतात, तेव्हा अहवालात औषधाचे नाव जीसी-एमएस (घटक वेगळे करून त्यांच्या रेणूंची आणि तुकड्यांची वस्तुमाने मोजणारी चाचणी) झाल्यावरच लिहा. तिथे डायझेपामची 256, 283 आणि 284 ही वस्तुमाने मिळतात.