लुनाचं इंजिन विसरा, आणि वजनाआधी ते गार कसं ठेवणार ते सांगा

तुम्ही विचारलंय, पंचवीस किलोच्या मानवरहित हेलिकॉप्टरसाठी हलकं, छोटं पेट्रोल इंजिन कुठं मिळेल आणि लुनाचं चालेल का.

लुनाचं चालणार नाही. त्यात तेवढी ताकद नाही, आणि फ्लोटचा कार्ब्युरेटर हेलिकॉप्टर तिरकं झालं की एकतर पेट्रोल सांडतो नाहीतर इंजिन उपाशी ठेवतो. पडदेवाला कार्ब्युरेटर पाहिजे, झाडं कापायच्या पेट्रोल करवतीला असतो तसा. पण मी लिहायला बसलो ते तुमच्या 'हलकं' या शब्दामुळं. या शब्दापायी आमचं एक हेलिकॉप्टर आणि माझं दाजींशी असलेलं बोलणं, दोन्ही गेलं.

माझं कुपवाडला लेथचं वर्कशॉप आहे. दाजींची तासगावजवळ तीन एकर द्राक्षबाग. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की दावण्या हा बुरशीचा रोग दोन दिवसांत बाग खातो, आणि नेमका तेव्हाच चिखलात ट्रॅक्टर रुततो. औषध वरून मारायचं, म्हणून हेलिकॉप्टर. यात वेडेपणा काही नव्हता. जपानमध्ये यामाहाचं फवारणीचं आर-50 हे 1987 पासून शेतात उडत होतं.

दाजींनी मॉडेल विमानाचं 55 सीसीचं इंजिन मागवलं. साडेपाच हॉर्सपॉवर, वजन दीड किलो. मी म्हटलं, दाजी, विमानात पुढचा पंखा सिलिंडरवर सतत वारा मारतो, म्हणून ते एवढं हलकं करता येतं. आपलं हेलिकॉप्टर जागेवर थांबणार, इंजिन सांगाड्याच्या आत, त्याला वारा कोण घालणार? ते म्हणाले, वर एवढा मोठा रोटर फिरतोय की. रोटरचा वारा पात्यांच्या टोकाकडं जोरात असतो, मधे दांड्यापाशी जवळजवळ नसतोच, आणि इंजिन असतं तिथंच. पण घरातल्या मोठ्या माणसाला किती वेळा सांगणार?

एप्रिलात, ऊन चाळिशीला, मोकळ्या रानात तिसऱ्यांदा उचललं. चार मिनिटं छान थांबलं. मग आवाज जड झाला, आणि एकदम बंद. सहा फुटांवरून खाली आलं, शेपटीची नळी वाकली, दोन्ही पाती गेली. दाजी सगळ्यांसमोर म्हणाले, पेट्रोलमध्ये तेल मी कमी घातलं.

त्या रात्री मी सिलिंडर उतरवला. पिस्टनवर उभे ओरखडे होते, ॲल्युमिनियम चोपडून सिलिंडरला चिकटलेलं. पण फक्त सायलेन्सरच्या बाजूला. दुसरी बाजू आरशासारखी, तेलाचा पातळ थर तसाच. तेल कमी पडलं असतं तर सगळीकडून घासलं असतं. एकाच, गरम बाजूला धरलं म्हणजे उष्णतेनं धरलं. तो पिस्टन आजही माझ्या टेबलावर आहे. दाजींनी तो कधी हातात घेतला नाही.

आता तुमचं. 2 मीटरचा रोटर आणि 25 किलो धरले, तर नुसतं जागेवर थांबायला शेपटीसकट चारेक हॉर्सपॉवर जातात. चढायला आणि वाऱ्यासाठी हात राखून साडेपाच धरा. 70 सीसीच्या आसपासची व्यावसायिक झाडकापाची करवत एवढं देते. तिच्या फ्लायव्हीललाच पंखा असतो, वर पत्र्याचं आवरण असतं, क्लच तयार असतो. पूर्ण करवत सहा किलोच्या आसपास दिसेल, पण हँडल, चेनपट्टी, तेलटाकी काढली की बरंच उतरतं. उलट आमच्या दीड किलोच्या इंजिनाला नंतर पंखा, आवरण, क्लच, इग्निशनचा डबा, बॅटरी लावली तेव्हा काटा चार किलोच्या वर गेला. कॅटलॉगमधलं वजन हे इंजिनाचं वजन नसतं. गवत कापायच्या ब्रशकटरचं छोटं फोर-स्ट्रोक घेऊ नका, होंडाचं जीएक्स 35 एक किलोवॅटचं, म्हणजे दीड हॉर्सपॉवरच्याही आतलं आहे.

यामाहाच्या आरमॅक्स या फवारणीच्या हेलिकॉप्टरचं इंजिन 246 सीसीचं, दोन सिलिंडरचं आणि पाण्यानं गार होणारं आहे. पाण्याचं वजन त्यांनी का सोसलं असेल, हे दाजींना कुणीतरी विचारावं.

कुठं मिळेल म्हणाल तर करवती दुरुस्त करणाऱ्याकडं. मोडकी घ्या, सिलिंडर चांगला बघून घ्या. आवरण बसवल्यावर फटी बंद करा, नाहीतर वारा सिलिंडर सोडून बाहेर पळतो.

आणखी एक, आधी सांगायला पाहिजे होतं: पहिले दहा तास हेलिकॉप्टर जमिनीला बांधून चालवा, कुणालाही पात्यांच्या पातळीत उभं करू नका. सिंगल सिलिंडरची थरथर जायरोला, म्हणजे हेलिकॉप्टर वळतंय का ते ओळखणाऱ्या सेन्सरला, खुळं करते, म्हणून रबरी माउंट लागतील. इंधन आणि औषधासकट 25 किलोच्या वर गेलात तर 2021 च्या ड्रोन नियमांत 'लहान' वर्गातून 'मध्यम' वर्गात जाता. नोंदणी आणि रिमोट पायलटचं प्रमाणपत्र दोन्हीकडं लागतंच.

तेल मी पंचवीसला एक घातलं होतं. मापाची बाटली अजून आहे.