घरी बांधलेल्या जीपचा हँडब्रेक

प्रश्न : जुन्या जीपच्या चेसिसवर गाडी बांधतोय, मागं डिस्क ब्रेक बसवले, हँडब्रेकची केबल काढून टाकली. मिस्त्री म्हणतोय ब्रेकच्या पाइपलाच हायड्रॉलिक (ऑइलच्या दाबावर चालणारा) लिव्हर हँडब्रेक म्हणून जोडू, चालेल काय? – एक वाचक, खानापूर

उत्तर : नको ओ दादा, अजिबात नको. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 96 बघा, पायाचा ब्रेक आणि पार्किंग ब्रेक अशा दोन स्वतंत्र यंत्रणा लागतात, आणि तुमचा लिव्हर त्याच ऑइलवर चालणार म्हटल्यावर स्वतंत्र कसला? गाडी रात्रभर उभी राहिली की सीलमधनं थोडंसं झिरपतं, प्रेशर उतरतं. माझी तशीच सरकली होती चोर्ला घाटात, चाकाखाली दगड लावलेला म्हणून वाचली, अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

मागच्या डिस्कला केबलवर चालणारा वेगळा छोटा कॅलिपर (डिस्कला चिमट्यासारखा पकडणारा भाग) बसवा. नाहीतर जुन्या जीपला ट्रान्स्फर केसमागं (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीमागं) प्रोपेलर शाफ्टवर, म्हणजे मागच्या चाकांकडं जाणाऱ्या फिरत्या दांड्यावर, ब्रेकचा ड्रम असायचा तो शोधा, मला तोच आवडतो, फक्त गाडी पूर्ण थांबल्यावरच ओढायचा. आणि हो, गाडीत बदल करण्याबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, आरटीओत विचारल्याशिवाय वेल्डिंगला हात लावू नका.