पाहुण्यांसाठी वाईनशिवाय गुलाबी पेर

प्रश्न : ताई, लेकीच्या सासरची मंडळी पहिल्यांदाच आमच्याकडे जेवायला येणारेत, सहा जण आहेत. गोडात श्रीखंड-गुलाबजाम नको वाटतंय, ते त्यांच्याकडेही असतंच की ओ. देठासकट अख्खा पेर पाकात शिजवून देतात ना, तसं काहीतरी करायचंय. पण त्यात रेड वाईन घालतात आणि आमच्याकडे ते जमणार नाही. आणि ऐनवेळी फळ मोडलं तर काय करू? – एक वाचक भगिनी, सात रस्ता, सोलापूर

उत्तर : अहो वाईन हवीय कशाला, सोलापुरात राहताय तुम्ही! २०१६ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेलं डाळिंब आपलंच आहे. वाईन घालतात ती रंगासाठी आणि थोड्या आंबट-तुरट चवीसाठी, भगवा जातीच्या डाळिंबाच्या रसात ते दोन्ही मिळतं. सहा-सात मोठी डाळिंबं घ्या, अर्धा लिटरच्या आसपास रस निघेल. दाणे मिक्सरला फक्त एक-दोनदा फिरवायचे, बिया भरडल्या गेल्या की रस कडवट होतो, मग तो साखरेनंही सुधारत नाही. त्यात अर्धा लिटर पाणी, दीड वाटी साखर, दालचिनीचा तुकडा, तीन-चार लवंगा आणि अर्ध्या लिंबाचा रस.

पेर घेताना बाबूगोशा, म्हणजे तो मऊ जातीचा पेर, नको, तो पटकन लगदा होतो. हिरवट, दाबला तर न दबणारा पेर घ्या. देठ ठेवून सालं काढा, बुडाकडून चमच्याच्या टोकानं बिया कोरून काढा आणि बूड सपाट कापा म्हणजे ताटलीत उभा राहतो. सोलला की लगेच लिंबाच्या पाण्यात टाका नाहीतर काळा पडतो.

आता मोडण्याचं. फळ मोडतं ते बहुतेक वेळा खळखळ उकळल्यामुळे. साखर विरघळली की गॅस अगदी बारीक करायचा, पाकात कडेनं एखाददुसरा बुडबुडा येत राहिला तरी पुष्कळ. पातेलं उभं आणि अरुंद घ्या, पेर बुडले पाहिजेत, कमी पडलं तर थोडं पाणी वाढवा. बटर पेपर पातेल्याच्या मापाचा गोल कापून मधे छोटं भोक पाडायचं आणि पाकावर ठेवायचा, कारण फळ वर तरंगतं आणि वरचा भाग पांढरा राहतो, मग तो पेर चितकबरा दिसतो आणि विहीणबाईंना बोलायला विषय मिळतो. वीस मिनिटांनी सुरीचं टोक खुपसून बघा, लोण्यासारखं नको, किंचित अडलं पाहिजे कारण गरम पाकात तो अजून शिजतो. कडक पेराला अर्धा तासही लागतो. आणि हो, पातेलं स्टीलचंच, अ‍ॅल्युमिनियम किंवा लोखंडाच्या भांड्यात डाळिंबाचा रंग काळपट-निळसर होतो.

खरी मजा पुढेच आहे, कारण हे आदल्या दिवशीच करायचं. गार झालं की पेर पाकातच ठेवून पातेलं रात्रभर फ्रीजमधे, म्हणजे रंग आतपर्यंत जातो, कापल्यावर कडेनं गडद आणि मधे पांढरट गुलाबी दिसतो. त्या दिवशी तुम्ही भाकऱ्या आणि शेंगाची चटणी बघायला मोकळ्या. सकाळी पेर काढून पाक मोठ्या गॅसवर निम्मा आटवा, पातळच वाटला तरी थांबा, गार झाल्यावर दाटतो, जास्त आटवलात तर रंग तपकिरी होतो.

ताटलीत दोन चमचे घट्ट चक्का, अगदी थोडी पिठीसाखर आणि वेलची घालून फेटलेला, त्यावर पेर, वरनं पाक, बाजूला डाळिंबाचे ताजे दाणे. बास. आइस्क्रीमही चालतं पण तिखट जेवणानंतर मला तरी चक्काच बरा वाटतो. काजू-बदाम, चांदीचा वर्ख वगैरे नको, त्यानं ते लग्नाच्या पंगतीतलं वाटायला लागतं.

पेर मिळालाच नाही तर घट्ट पेरू अर्धा कापून, बिया काढून याच पाकात करा, दहा-बारा मिनिटं पुरतात. सुके अंजीरही छान फुगतात. चिकूच्या नादी लागू नका. आणि उरलेला पाक टाकू नका हं, त्यात सोडा आणि चिमूटभर काळं मीठ घातलं की पोरांचं सरबत तयार.