स्पीडोमीटरचा काटा मध्येच शून्यावर पडतो, गॅरेजवाला सेन्सर बदलायला सांगतोय. बदलू का?

तुमची गाडी २००८ची पेट्रोल, मॅन्युअल गिअरची. चालता चालता काटा शून्यावर पडतो, सिग्नलला क्लच दाबून थांबताना इंजिन बंद पडतं, चेक इंजिनचा दिवा लागलाय, स्कॅनरवर पी०५०० आला आणि गॅरेजवाल्याने गिअरबॉक्सवरचा स्पीड सेन्सर बदलायला सांगितलाय. माझं मत विचाराल तर अजून बदलू नका. आधी सेन्सरच्या कपलरवर (वायरी जोडायच्या प्लगवर) तीन मापं घ्या. मल्टिमीटर आणि जॅक असेल तर तासाभराचं काम आहे.

पी०५००चा अर्थ ‘सेन्सर खराब’ असा नाही. ‘वेगाचा सिग्नल ईसीयूपर्यंत, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरपर्यंत, पोचत नाही’ एवढंच तो कोड सांगतो. सेन्सर, त्याचा प्लॅस्टिकचा गिअर, कपलर, तिथून जाणाऱ्या वायरी, मीटर कन्सोल, यांतलं काहीही कारण असू शकतं. (घरी स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर लावणार असाल तर एक लक्षात घ्या. ओबीडी-२, म्हणजे स्कॅनरने गाडीतले दोष वाचायची ठरीव पद्धत, आपल्याकडे २०१३पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या गाडीत पोर्ट दिसला तरी तो स्कॅनर तिच्याशी बोलेलच असं नाही.)

माझ्या २००६च्या हॅचबॅकला हुबेहूब हेच झालं होतं. ऑगस्टचा महिना, आठवडाभर पावसाची झड. नाशिकमध्ये द्वारकेच्या सिग्नलला गाडी दोनदा बंद पडली. मेकॅनिकने सेन्सर बदलला, काटा चालू झाला, मी पैसे देऊन घरी आलो. पाचव्या दिवशी आईला घेऊन मुंबईला निघालो. कसारा उतरताना पुढे ट्रक आला म्हणून क्लच दाबला आणि इंजिन गेलं. इंजिन बंद म्हणजे ब्रेकचा व्हॅक्यूम एक-दोन दाबांपुरताच उरतो, स्टिअरिंग जड होतं. गाडी कडेला घेईपर्यंत आईने माझा दंड घट्ट धरून ठेवला होता. म्हणून सांगतो, हे दुखणं काट्यापुरतं समजू नका. गाडी धावतेय की उभी आहे हे ईसीयूला या सिग्नलवरून कळतं, आणि वेग कमी होताना आयडलिंगला किती हवा द्यायची हे तो त्यावरही ठरवतो. सिग्नल तुटला की त्याचा हिशेब चुकतो. दुरुस्ती होईपर्यंत घाटात जाऊ नका.

मी अंबडच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला २२ वर्षं होतो. तिथल्या मशिनांवरचे प्रॉक्सिमिटी सेन्सर आणि गाडीतला हा हॉल सेन्सर (चुंबक जवळून गेला की सिग्नल देणारा), दोघांची जात जवळची. सप्लाय, अर्थ आणि सिग्नल अशा तीन वायरी. घरी परतल्यावर मल्टिमीटर घेऊन स्वतःच बसलो.

गिअरबॉक्स थंड होऊ द्या. सपाट जागेवर हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, पुढचं एक चाक उचलून गाडी स्टँडवर टेका. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालू नका. गिअर न्यूट्रल, किल्ली ऑन, इंजिन बंद.

मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर धरा. कपलर लावलेलाच ठेवून त्याच्या मागच्या बाजूने, वायरीलगत, लाल पिन टेकवा. सप्लायच्या वायरीवर गाडीप्रमाणे १२ किंवा ५ व्होल्ट दिसले पाहिजेत. मग अर्थची वायर. इथे जवळजवळ शून्य हवं, ०.१ व्होल्टच्या आत. माझ्या गाडीत सप्लाय ठीक होता आणि अर्थवर चारच्या आसपास व्होल्ट दिसत होते. वायर हाताने हलवली की आकडा शून्यावर यायचा, सोडली की परत चढायचा. दोष तिथेच सापडला. बॅटरीच्या ट्रेखालून जाणाऱ्या त्या वायरीचं वरचं आवरण शाबूत होतं, पण आत तांबं हिरवं पडून दोन-तीन तारांवर लटकत होतं. नवा सेन्सर टाकल्यावर चार दिवस गाडी चालली त्याचं कारणही मग उमगलं. कपलर काढताना-लावताना वायर हलली, तुटक्या तारा पुन्हा टेकल्या आणि श्रेय नव्या सेन्सरला गेलं. कपलरच्या पिनांवर कार्बन आला असला तरी असंच होतं. काढून लावलं की पिना घासल्या जातात आणि काही दिवस सगळं सुरळीत वाटतं.

सप्लाय आणि अर्थ दोन्ही बरोबर असतील तरच तिसरं माप घेण्यात हशील आहे. लाल पिन सिग्नलच्या वायरीवर ठेवून मदतनिसाला उचललेलं चाक हाताने फिरवायला सांगा, अगदी हळू. आकडा शून्याजवळून ५ किंवा १२ व्होल्टवर आणि परत शून्यावर असा उड्या मारला पाहिजे. हळू का, तर पल्स (सिग्नलच्या या उड्या) फार थोडे असतात. जपानी मापाच्या बऱ्याच गाड्यांत स्पीडोमीटरच्या जुन्या फिरत्या केबलचाच हिशेब चालत आलाय. किलोमीटरला ६३७ फेरे, दर फेऱ्याला ४ पल्स, म्हणजे किलोमीटरला २५४८. लहान गाडीच्या टायरचा घेर पावणेदोन मीटर धरा. दुसरं चाक जमिनीवर असल्याने डिफरन्शिअल (दोन चाकांना फिरकी वाटून देणारा गिअरचा संच) अर्ध्याच वेगाने फिरतो. म्हणजे चाकाच्या एका पूर्ण फेऱ्याला जेमतेम दोन पल्स. झपकन फिरवलं तर मीटरला ते पकडताच येत नाहीत आणि चांगला सेन्सर बाद ठरतो.

उड्या दिसल्या तर सेन्सर ठीक आहे, पुढची वायर आणि कन्सोल तपासा. आकडा एकाच जागी थिजून राहिला तर सेन्सर काढून बघा. बहुतेक गाड्यांत एकच बोल्ट असतो, दहाचा पाना पुरतो. टोकाला प्लॅस्टिकचा गिअर असेल तर त्याचे दात झिजलेत का पाहा. गिअर बोटाने फिरवताना सिग्नल उड्या मारत असेल तर सेन्सर निर्दोष, दुखणं गिअरमध्ये. नवा सेन्सर बसवायचाच झाला तर जुन्याशी गिअरचे दात मोजून जुळवा, नाहीतर काटा कायम चुकीचा वेग दाखवेल. ओ-रिंग नवी घाला, तिला गिअर ऑइलचं बोट लावा, बोल्ट बेताने आवळा. तिथलं कास्टिंग ॲल्युमिनियमचं असतं, आटे लगेच जातात.

दोनच वायरींचा सेन्सर असेल तर तो मॅग्नेटिक जातीचा. त्याला सप्लाय नसतो, वरची पद्धत चालणार नाही. कपलर काढून ओहममध्ये रेझिस्टन्स बघा आणि चाक फिरवताना एसी व्होल्ट उमटतात का ते पाहा. एबीएसच्या काही गाड्यांत वेग चाकांच्या सेन्सरवरून घेतात, तेव्हा गिअरबॉक्सवर काही सापडलं नाही तर घाबरू नका.

वायर तुटकी निघाली तर नुसती पिळून टेप गुंडाळू नका. पुढच्या पावसाळ्यात हेच पुन्हा होईल. हिरवं पडलेलं तांबं पूर्ण कापून टाका, स्वच्छ तांबं लागेपर्यंत मागे जा, नवा तुकडा सोल्डर करा आणि वर हीट-श्रिंक स्लीव्ह चढवा. कपलरच्या पिनांना कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, त्याचं रबर सील फाटलं असेल तर बदला. सर्व्हिसिंगला प्रेशरचं पाणी बॉनेटमध्ये मारू देऊ नका. माझ्या मते पावसाइतकंच पाणी त्या वाटेने शिरतं.

काम झालं की कोड पुसून घ्या आणि सकाळी रहदारी नसताना शहरातल्या उड्डाणपुलावर गरवारे पॉइंटकडून के. के. वाघ कॉलेजच्या दिशेला एक चक्कर मारा. शेजारी कोणीतरी मोबाइलवर जीपीएसचा वेग वाचत बसू दे. काटा जीपीएसपेक्षा थोडा जास्त दाखवणं चालतं, कमी दाखवणं चालत नाही. खाली उतरल्यावर सिग्नलला चार-पाच वेळा क्लच दाबून थांबा. माझ्या गाडीने त्या दिवशी एकदाही मान टाकली नाही, आणि त्यानंतर तिने तीन पावसाळे काढलेत.