अलीकडे तुम्ही कोणते व्हिडिओ गेम शेवटपर्यंत खेळलात आणि ते कसे वाटले?

प्रश्नात 'शेवटपर्यंत' आहे म्हणून लिहायला बसलो. अर्धवट सोडलेले विचारले असते तर उत्तर संपलंच नसतं. सेल लागला की घ्यायचा, दोन तास खेळायचा, विसरून जायचं, हा माझा जुना धंदा. यंदा उन्हाळ्यात मात्र पाच गेम संपवले. श्रेय नवतप्याचं, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाचं, आणि बाबांच्या मोतीबिंदूचं.

राहतो नागपूरच्या मानेवाड्यात, वरच्या मजल्यावर. मेच्या शेवटी दुपारी आमच्या गच्चीवर पापड तळून निघेल. ऑफिसनं घरून काम दिलं होतं, आणि काटोलकडच्या गावाहून बाबा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आले होते. काळा चष्मा लावून ते कूलरसमोर खाटेवर पडायचे आणि माझ्या स्क्रीनकडे बघत राहायचे. त्यामुळे पुढची मतं थोडी माझी, थोडी त्यांची. (लॅपटॉप कूलरच्या झोतात ठेवू नका. गार वाटतं, पण सगळा ओलावा आत जातो. दोन हजार मोजून शिकलोय.)

पुढे कथा फुटणार आहेत, बेतानं वाचा.

दोन लवकर उरकतो. 'राजी' हा पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा, 2020 चा. राक्षसांनी पळवलेल्या भावाला, गोलूला, शोधणारी मुलगी, आणि वरून तिच्याकडे बघत आपसांत बोलणारे दुर्गा आणि विष्णू. महाल, कमानी, भिंतींवरची चित्रं बघतच राहावीत अशी आहेत. मारामारी मात्र अडखळते, आणि गेम अशा ठिकाणी संपतो की मला वाटलं लाईन गेली. दोन संध्याकाळींत होतो. आपल्या माणसांनी केलाय म्हणून पाठ थोपटायची गरज नाही, पण खेळा.

'हॉलो नाइट' 2017 चा, ऑस्ट्रेलियातल्या टीम चेरी नावाच्या चिमूटभर लोकांच्या चमूचा. किड्यांचं उद्ध्वस्त राज्य, त्यात एक लहानसा मुका योद्धा. सुंदर आहे, कठीण आहे, आणि ज्यांच्या घरची लाईन दिवसातून दोनदा जाते त्यांनी डेस्कटॉपवर खेळू नये. बंद पडला की जिथं बसून खेळ जतन होतो त्या शेवटच्या बाकड्यापासून पुन्हा चालत या. बाबांचं मत: 'मुंगळे मारायले इतका खर्च?'

आता उरलेले तीन. हे तिन्ही मी ठरवून निवडले नव्हते. तिसरा संपल्यावर डोक्यात आलं की एकात मी शेतकरी होतो, एकात सावकाराचा वसुलीवाला आणि एकात विम्याचा पंचनामा करणारा. परदेशी लोकांनी बनवलेले तीन गेम, आणि माझ्या हातात विदर्भच आला.

'स्टारड्यू व्हॅली'पासून सांगतो. एरिक बॅरोन या एकाच माणसानं चित्रं, संगीत, कोड, गोष्ट सगळं स्वतः करून चारेक वर्षांत बनवलेला, फेब्रुवारी 2016 मध्ये आलेला. शहरातली नोकरी सोडून आजोबांच्या शेतावर जायचं, पेरायचं, पाणी द्यायचं, विकायचं. अठ्ठावीस दिवसांचा एक ऋतू, असे चार. खरं तर हा संपत नाही, पण तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला आजोबांचा आत्मा येऊन तुमच्या कामाला मार्क देतो. मार्क म्हणजे मेणबत्त्या. चारही पेटल्या, मी तोच शेवट धरला.

गावी आमची संत्र्याची अडीचशे झाडं आहेत. त्यामुळे गेममध्ये संत्र्याचं रोप दिसल्यावर हात थांबेना. चार हजार सोन्याला (तिथलं चलन) एक रोप. अठ्ठावीस दिवसांत झाड मोठं होतं, पाणी घालावं लागत नाही, आणि मग उन्हाळाभर रोज एक फळ. बाबा ताडकन उठून बसले. 'उन्हाळ्यात कुठं संत्रा येते बे?' त्यांना सांगितलं, येते इथं. आमच्याकडे संत्र्याचे दोन हंगाम, आंबिया बहार दिवाळीच्या मागंपुढं निघतो आणि मृग बहार फेब्रुवारी-मार्चात. मृग धरायचा तर मे महिन्यात झाडाला पाणी तोडून ताण द्यायचा, म्हणजे झाड जवळजवळ मरणाच्या दारात न्यायचं आणि पावसाच्या भरवशावर परत आणायचं. नवं झाड चौथ्या-पाचव्या वर्षी कुठं धड फळायला लागतं. तोवर डिंक्या (खोडातून डिंक गळतो तो रोग) आहे, फळगळ आहे, कोळशी आहे.

कोळशीवरून आठवलं. गेममध्ये एका वादळी रात्री संत्र्यावर वीज पडली आणि सकाळी झाड काळं ठिक्कर. फळाऐवजी त्याला चार दिवस कोळसा येतो, तो तोडून भट्टीत वापरायचा! पाचव्या दिवशी झाड पुन्हा हिरवं. आमच्या बगिच्यात कोळशी येते ती काळ्या माशीमुळे. पानांवर काजळी चढते, फळ काळं पडतं आणि ते कोणी भट्टीत घालायलाही घेत नाही. बाबा इतके हसले की डोळ्यात घालायचे थेंब गालावर आले.

गेम मला आवडला, दीडशे तास उगीच नाही गेले. पण एक गोष्ट खुपत राहिली. कितीही माल नेऊन टाका, भाव पडत नाही. एक संत्रा न्या की हजार न्या, दर तोच. कळमन्याच्या बाजारात रात्रभर गाडी लावून सकाळी भाव ऐकलेल्या माणसाला हे परीकथेसारखं वाटतं. बॅरोनला दोष देत नाही, त्याला निवांत गेम करायचा होता आणि तो त्यानं केला. मात्र अवघड म्हणावं असं तिथं काहीच राहत नाही. दुसऱ्या वर्षापासून मी पैसे मोजणं सोडलं, आणि शेतीचा गेम खेळताना पैसे मोजावे लागत नसतील तर मग मी नक्की काय खेळत होतो, हे मला अजून कळलेलं नाही.

'रेड डेड रिडेम्प्शन 2' बद्दल सगळं लिहून झालंय, मी तेवढंच सांगतो जे मला अडकलं. रॉकस्टारचा, 2018 चा. पीसीवर वर्षभरानं आला. काळ 1899, अमेरिकेतली दरोडेखोरांची टोळी, आपण आर्थर मॉर्गन. टोळीतला स्ट्रॉस गरिबांना व्याजानं पैसे देतो आणि आर्थरला वसुलीला पाठवतो. सुरुवातीलाच डाउन्स नावाचा एक आजारी शेतकरी. त्याच्याच कुंपणाशी, बायको-पोरादेखत त्याला झोडपायचं. बटण आपल्यालाच दाबायचं असतं. तो खोकतो, रक्त आर्थरच्या तोंडावर उडतं. बाबा पाणी प्यायला उठले आणि त्या दिवशी परत बघायला आले नाहीत. वसुलीवाला दारात उभा राहणं म्हणजे काय, हे आमच्याकडे समजावून सांगावं लागत नाही.

त्या रक्तातून आर्थरला क्षय लागतो. कित्येक तासांनी कळतं, तेव्हा डॉक्टर सांगतो की कुठंतरी उष्ण, कोरड्या जागी जाऊन आराम कर. मी म्हटलं, ये बापा नागपूरला, मे महिना सुरूच आहे. पण हसू टिकलं नाही. माझ्या मावशीला क्षय झाला होता. सहा महिने गोळ्या घेतल्या, आज ती ठणठणीत आहे. 1899 मध्ये जंतू सापडून सतरा वर्षं झाली होती, औषध मात्र 1943 पर्यंत कुणाच्या हाती नव्हतं. म्हणजे आर्थरच्या मरणात कथालेखकांनी काही ओढूनताणून आणलेलं नाही, तो काळच तसा. तुम्ही कितीही चांगले वागा, नेम कितीही पक्का असो, तो वाचत नाही. फक्त कसा मरतो ते बदलतं. नंतर कर्जदारांचं देणं माफ करायची संधी मिळते, ती मी प्रत्येक वेळी घेतली. डाउन्सचं घर बसलं ते बसलंच.

तक्रारी भरपूर आहेत. दर वेळी जनावराचं कातडं सोलण्याचं तेच दृश्य. मोहिमेत दोन पावलं वाकडी टाकली की 'अपयशी'. पाचव्या प्रकरणातलं बेट कापून टाकलं असतं तरी चाललं असतं. आणि आर्थर गेल्यावरचा लांबलचक उपसंहार, ज्यात जॉन मार्स्टन दुसऱ्याच्या गोठ्यात शेण उचलतो आणि गाय पिळतो, तो बऱ्याच लोकांना कंटाळवाणा वाटतो. आमच्या घरी मात्र तोच भाग सर्वांत जास्त गाजला. 'असं नाई निघत दूध, लाथ मारन ते,' असं बाबा स्क्रीनला सांगत होते.

आणि 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन'. एकच निवडायचा तर हा. लुकास पोपचा, 2018 चा, जवळपास एकहाती केलेला. जुन्या मॅकिंटॉश संगणकाच्या पडद्यासारखं नुसतं काळं-पांढरं चित्र, राखाडी छटासुद्धा नाही. 1802 मध्ये लंडनहून निघालेलं व्यापारी जहाज बेपत्ता होतं आणि 1807 मध्ये माणसाविना इंग्लंडच्या किनाऱ्याला लागतं. आपण ईस्ट इंडिया कंपनीचे विमा निरीक्षक. हातात एक घड्याळ; प्रेताजवळ उघडलं की त्याच्या मरणाचा क्षण गोठलेला दिसतो आणि त्याआधीचे आवाज ऐकू येतात. जहाजावर साठ माणसं. प्रत्येकाचं नाव काय, तो कसा मेला, कुणी मारलं, हे वहीत भरायचं. तीन नोंदी बरोबर झाल्या की गेम त्या पक्क्या करतो, त्यामुळे नुसते तुक्के लावून भागत नाही.

मी पायातल्या चपला-मोजे बघून चिनी खलाशी ओळखले. झोळ्यांवरचे नंबर कागदावर उतरवले. खलाशांच्या यादीत काहींच्या नावापुढे भारत लिहिलंय, आणि त्यातले दोघं अगदी सुरुवातीच्या प्रकरणात फुप्फुसाच्या आजारानं जातात. लढाई नाही, खून नाही. थंडीत अंग टाकून दोन माणसं गेली. कथेला त्यांच्या मरणानं काही फरक पडत नाही, तरी त्यांची नावं बरोबर भरल्याशिवाय वही पूर्ण होत नाही.

इथं मला आमची गारपीट आठवली. काही वर्षांपूर्वी आंबियाचा अर्धा माल एका दुपारी खाली आला. पंचनाम्याला जो माणूस आला, तो धुऱ्यावरूनच, म्हणजे बांधावरूनच, बगिचा बघून गेला. झाडाखाली आलाच नाही. त्यानं कागदावर काय टाकलं ते आम्हाला नंतर कळलं. ओब्रा डिनच्या शेवटी कंपनीचा हिशेब येतो: कुणाच्या वारसांना किती भरपाई, कुणाला दंड. ती यादी वाचताना बाबा मागून म्हणाले, 'हा साहेब सगळ्याइच्याजवळ गेला ना पण.' गेला. साठच्या साठ. मला चौदा तास लागले.

दोष? समुद्रातले राक्षस मधेच येतात तिथं कथा थोडी सैल होते, आणि शेवटची पाच-सहा नावं मी उरलेल्यांतून वजाबाकी करून भरली. एकदा खेळलात की संपला, दुसऱ्यांदा ती मजा नाही. म्हणून इंटरनेटवर एक अक्षरही शोधू नका, वही-पेन घेऊन बसा.

बाबांचं ऑपरेशन बरं झालं, चष्मा उतरला. जायच्या आधीच्या आठवड्यात त्यांनी स्टारड्यूत स्वतःचं वेगळं शेत काढलं. आधी मासे विकून पैसे जमवले, मग फक्त संत्रा लावला. गेमला झाडाभोवती एकेक चौकट मोकळी पुरते. त्यांनी पाच-पाच सोडल्या, दाटीत हवा खेळत नाही म्हणून. आता रोज रात्री फोन येतो, माझ्या झाडाइले किती फळं लागले पाह्यजो.