तुझ्यानंतर दुसरी कोण?

प्रिय पोरी, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. अमेरिकेत मेरीलँडमध्ये लहानपणापासून लॅक्रॉस, तो जाळीच्या काठीने चेंडू झेलायचा नि फेकायचा खेळ, खेळलीस, आता आजोबांच्या खानदेशात तो रुजवायचा म्हणतेस, आणि अडलीस कुठे, तर पासपोर्टावर! भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं त्या ओसीआय कार्डावर भारताकडून खेळता येत नाही, 2008पासून सरकारचं ते धोरण आहे. इथलं नागरिकत्व घ्यायचं तर अमेरिकेचं सोडावं लागतं. सोडू का, म्हणून विचारतेस. मी उलट विचारतो, तुझ्यानंतर दुसरी कोण?

रागावू नकोस. 2023च्या ऑक्टोबरात मुंबईतल्याच बैठकीत लॅक्रॉसला 2028च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये जागा मिळाली, तेव्हापासून तुझ्या मनाने उचल खाल्लीय, हे दिसतंय. पण मी सॉफ्टबॉलचा माणूस. आमचा खेळ 1996ला अटलांटात ऑलिंपिकमध्ये आला, 2008नंतर काढला, टोकियोत घेतला, पॅरिसला पुन्हा वगळला, आता तुमच्यासोबत परत येतोय. त्या भरवशावर बसलो असतो, तर आमच्या तालुक्यात एक बॅट उरली नसती.

आपला शिवा केशवन 1998च्या नागानोपासून 2018पर्यंत सहा हिवाळी ऑलिंपिकमध्ये ल्यूज, म्हणजे स्लेजवर उताणं पडून बर्फावरून घसरायची शर्यत, खेळला. हिमालयातल्या घाटरस्त्यांवर चाकांच्या स्लेजने सराव करायचा. केवढी जिद्द! पण 2022ला बीजिंगमध्ये भारताचा एकच खेळाडू होता, आरिफ खान, आणि तो स्कीइंगचा. ल्यूजमध्ये कोणी नाही. यात केशवनचा काय दोष? ल्यूजला बर्फाचा ट्रॅक लागतो, तो आणायचा कुठून? तुला मात्र सपाट मैदान पुरतं. ती सबब तुला नाही. नायजेरियाच्या सेउन अडिगुनने तर ह्यूस्टनमध्ये सरावासाठी लाकडाची स्लेज स्वतः बनवली, सोबत दोघींना घेतलं, आणि 2018ला बॉबस्लेचा, म्हणजे बर्फावरच्या सांघिक स्लेज शर्यतीचा, आफ्रिकेचा पहिला संघ ऑलिंपिकमध्ये उतरला. बघ, तिने आधी सोबतिणी शोधल्या.

माझी एक पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, होती. चेंडू सुटला की समोरचीला कळायचंच नाही. दहावी झाली आणि घरच्यांनी लग्न ठरवलं. तिच्या वडिलांच्या ओट्यावर बसून किती विनवण्या केल्या, उपयोग झाला नाही. ती सल जात नाही. लोक म्हणतात, सरांनी एवढी वर्षं घालवली, भारताच्या संघात एक मुलगी दिली नाही. म्हणोत. त्या पिचरची धाकटी बहीण आज झेडपीच्या शाळेत पोरींना पिचिंग शिकवते. मी मैदानावर गेलो नाही तरी तिथे सराव होतो. संघात एखादी पाठवून बाकी मैदान ओस पडलं असतं, तर मला ते चाललं नसतं. तेव्हाही नाही, आजही नाही.

म्हणून म्हणतो, दुसरी तयार कर. जर्सीवर तिरंगा हवा, हे मला कळत नाही का? कळतं गं. पण पासपोर्टचा निर्णय इथे वर्षभर राहिल्यावर घे, तिकडे बसून नको.

जूनमध्ये शाळा उघडल्या की ये. स्टिक जास्तीच्या आण, लहान हातांना पेलतील अशा. गोलकीपरच्या हेल्मेट-पॅडवर आत्ताच खर्च नको, मऊ चेंडूने सुरुवात कर. पावसात मैदानात चिखल असतो, तेव्हा व्हरांड्यात पास आणि कॅच शिकव. मुख्याध्यापकांआधी पीटीच्या सरांना भेट, मैदान त्यांच्या हातात असतं. आणि पुढच्या पत्रात मला शाळेचं नाव कळव.

तुझे,
सर