न्हाणीघरात इलेक्ट्रिक शॉवर: भिंतीच्या आधी अर्थिंग पाहा

प्रश्न: आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात (जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या भागात) आहे. न्हाणीघराच्या भिंतीवर 3 किलोवॅटचा, लगेच पाणी गरम करणारा इलेक्ट्रिक शॉवर लावायचा आहे. टाकी स्लॅबवरच आहे, पाणी बोअरचं. वायरमन दिव्याच्या लाइनवरूनच पॉइंट काढून देतो म्हणतो. चालेल का?

उत्तर: अजिबात नको. 3 किलोवॅट म्हणजे 230 व्होल्टला 13 अँपिअर. दिव्याची बारीक वायर तेवढ्याने तापते आणि जोडाजवळ आधी जळते. मेन बोर्डापासून 4 चौरस मिमीची तांब्याची वेगळी लाइन ओढा. त्यावर 20 अँपिअरचा एमसीबी (भार जास्त झाला की पडणारा स्विच), 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) आणि न्हाणीच्या बाहेर डीपी स्विच (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) हवा. मीटरचा मंजूर भार 1 किलोवॅटच असेल, तर महावितरणकडून वाढवून घ्या.

अर्थिंग नसेल तर मशीन खोक्यातच राहू द्या. सॉकेटची झाकणी उघडून पाहा: न्यूट्रलच्या (करंट परत नेणाऱ्या) वायरचा तुकडा अर्थच्या पिनेला जोडलेला दिसला, तर तो आधी काढायला लावा. मागे कुठं न्यूट्रल तुटली की शॉवरच्या धातूच्या भागात आणि पाण्यातही करंट उतरतो. अंगणात अडीच मीटरचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, असा अर्थिंगचा खड्डा करा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पाइपापासून सुटते. तेव्हा दर आठवड्याला त्यात बादलीभर पाणी ओता.

भोक विटेत पाडा, विटांच्या सांध्यात नाही. टाइलमधून भोक आरपार जाईपर्यंत ड्रिलचा हॅमर बंद ठेवा. कॉक आत येणाऱ्या पाण्यावर बसवा, शॉवरकडच्या नळीवर कधीच नको. आधी पाण्याची धार सुरू, मग स्विच. कोरडी कॉइल काही सेकंदांत जळते. टाकी शॉवरपेक्षा 1 मीटरच उंच असेल तर दाब जेमतेम 0.1 बार मिळतो. खोक्यावर लिहिलेला किमान दाब त्याहून जास्त असेल, तर मशीन सुरूच होणार नाही.

खरी अडचण हिवाळ्यात येते. ओलिताचे पंप सुरू झाले आणि व्होल्टेज 170 वर आलं, की 3 किलोवॅटचे 1.6 होतात. मिनिटाला 2 लिटर धार असेल तर पाणी 21 ऐवजी 12 अंशांनीच तापतं. त्यात बोअरच्या पाण्याचे क्षार कॉइलवर चढतात.

म्हणून तुमच्या घरी 15 लिटरचा, 2 किलोवॅटचा टाकीवाला गीझरच बरा. पाणी 30 अंशांनी तापायला पूर्ण व्होल्टेजवर पंधरा-सोळा मिनिटं, 170 वर अर्धा तास लागेल, पण ते कडक मिळेल. लाइन आणि अर्थिंग मात्र वर सांगितलं तसंच.